तिन्ही आढावे उद्या सकाळी

मार्च संपत आला की बर्डीवर सगळ्यांनाच आठवतं
वर्षभरात आपण काय काय केलं ते.
माझ्या टेबलावर तीन फायली, तिन्हींवर एकच शब्द : आढावा.
पानाला पंचवीस रुपये, दुरुस्तीचे वेगळे.

पहिली हिंगण्याच्या बोकडे इंजिनिअरिंगची.
परवापरवापर्यंत कूलरच्या पंख्यांची पाती कापायचे,
आता टायटॅनियमचे स्क्रू, मोडलेल्या हाडात बसणारे.
केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकीही चूक नाही, असं लिहिलंय,
'नाही'खाली दोन रेघा.
नवीन यंत्रं : चार. निर्यात : सुरू. अपघात : निरंक.
कच्चे कागद घेऊन आलेला शेषराव
ते पुढे करतो साडेतीन बोटांनी.
मी वर बघते.
'ते जुन्या मशीनवरचं हाय मॅडम, या वर्षातलं नाही.'
मग निरंक बरोबरच आहे.

दुसरी, महालातल्या एका दरवाज्याची.
मृदुलाताई घटाटे तीनदा येऊन गेल्या :
पुरातन नको, ऐतिहासिक करा; नको, वारसाच राहू द्या.
चुना, गूळ, बेलफळाचा गर, उडदाची डाळ...
मला वाटलं, चुकून किराण्याची यादी आली.
सिमेंटचा लेप खरवडून काढला, म्हणे. तो मागच्या दुरुस्तीचा.
त्या वर्षीच्या आढाव्यात तोही प्रगतीतच धरला असेल.
भेगेतला पिंपळ मुळासकट काढला, फोटो क्रमांक नऊ.
कमानीखाली किल्ल्या बनवणारा मुश्ताक बसायचा,
तो कुठल्याच फोटोत नाही.
तो आता माझ्या दुकानाच्या पायरीवर बसतो.

तिसरी डॉक्टर उईकेंची, मेडिकलमधून.
गावं इतकी, रक्ताचे नमुने इतके,
सिकलसेलचे रुग्ण इतके, वाहक इतके.
वाहक टाइप करताना माझं बोट दरवेळी अडतं.
बाबा एसटीत वाहक होते, गणेशपेठ डेपो,
छातीवर बिल्ला, खांद्याला चामड्याची बॅग,
उमरेड-भिवापूरचे सगळे थांबे तोंडपाठ.
मीही वाहक. बिल्ला नाही,
पर्समध्ये कार्ड आहे, घडी पडलेलं.
रक्त विळ्यासारखं वाकतं या आजारात.
माझं वाकत नाही, नुसतं वाकणं पुढे नेतं.
शक्यतो वाहकाने वाहकाशी लग्न करू नये : परिच्छेद सात.
कामठीचं स्थळ या परिच्छेदापाशी उतरून गेलं.
मुलगा चांगला होता. चहात साखर नको म्हणाला,
आणि मग दोन चमचे घातली.
समुपदेशन यशस्वी : एकशे बारा कुटुंबं.
त्यात एक आमचं असावं.
आकडा मी दोनदा तपासून घेतला.

साडेनऊ झाले. समोरचा ज्यूसवाला गिलास उपडे घालतोय.
तिघंही शिकलेले, पण तिघंही इथलेच,
कच्च्यात सगळ्यांचं सारखंच :
काम होऊन राहिलं.
भिंत वाळून राहिली.
मुली तपासणीला येऊन राहिल्या.
मी दुरुस्त करते. झाले. वाळली. आल्या.
पुण्या-मुंबईच्या साहेबांना राहिलेलं चालत नाही,
त्यांना झालेलं लागतं.

पण मृदुलाताई सांगत होत्या,
चुना वर्षानुवर्षं घट्ट होत जातो,
आतल्या आत, कोणी बघत नसताना.
हाडही स्क्रूभोवती असंच भरत असेल, घाई न करता.
आणि रक्ताचं तर विचारूच नका,
ते आजीच्या आजीपासून निघालंय,
अजून डेपोत पोचलं नाही.

एका ओळीवर कर्सर लुकलुकत राहतो.
भिंत वाळून राहिली.
ती तशीच सोडते, दुरुस्तीचे पैसे धरत नाही.

मुश्ताक शटर ओढायला उठतो.
'झालं का ताई काम?'
'होऊन राहिलं.'
तो कुलपात किल्ली फिरवतो, काढतो, परत घालतो,
कान लावून ऐकतो.
'याला तेल पाहिजे,' म्हणतो,
'आतून अडकून राहिलं.'