दोन लिटर खारं पाणी

सकाळी आठला खुर्चीत बसवलं.
"झोपायचं नाही, बसूनच," म्हणाली सिस्टर,
मग माझी मूठ उलगडत, कन्नडमध्ये, "सडिल बिडरी."
रक्ताची पहिली नळी भरली.
मग सलाईन. चार तास, दोन लिटर.
नऊ वर्षं ज्याला घरात बंदी
ते मीठ आज थेट शिरेत.

उद्यमबागच्या फाउंड्रीत मी वाळूचे साचे करतो.
साचा चुकला तर ओतीव सांगतंच.
माझं कुणी सांगेना.
एका गोळीच्या चार झाल्या,
प्रेशर जिथल्या तिथं,
आणि एका रात्रपाळीला पायच गेले,
घमेलं हातात तसंच.
पोटॅशियम दोन पॉइंट सात.

तोवर सगळ्यांनी रेणुकाला धरलेलं.
"तुझा हात मिठाला जड," आई म्हणायची.
वडगावची मावशी म्हणायची.
मीही, खोटं कशाला बोलू,
एकदा ताट सरकवून.
तिनं आमटीतलं मीठ काढलं, भाकरीतलं काढलं,
लोणच्याची बरणी नंदगडला माहेरी धाडली.

हत्तरगी डॉक्टरबाईंनी मूत्रपिंड काढून दाखवलं,
वर टोपीसारखी ग्रंथी.
हिचं काम मीठ राखायचं.
पोटभर मिळालं की हिनं गप्प बसायचं.
आपण ओतून बघू, बसते का गप्प.

शेजारच्या खुर्चीत गोकाकचा म्हातारा.
"एनु हाक्यारी?" काय घातलंय?
"उप्पु," म्हटलं.
तो इतका हसला की त्याचीच सुई हलली.
मी तीनदा लघवीला गेलो, स्टँड ढकलत.

बाराला दुसरी नळी.
नमुने मुंबईला की बेंगळुरूला,
यावर काउंटरवर बराच वेळ बोलणं चाललं.
आमच्याकडं रक्तालाही ते चुकत नाही.

आठ दिवसांनी कागद.
आकडा पाचाच्या खाली यायला हवा होता,
एकोणीसवर ठाण मांडून बसलेला.
दोन लिटर खाऊन मिठाला न जागलेली
ती माझ्याच पोटात, बरगडीखाली.

डॉक्टर पुढचं सांगत होत्या,
स्कॅन, मग शिरेत नळी घालून
डावीकडची की उजवीकडची ते बघणं,
एकाच बाजूची असली तर काढता येते.
रेणुका मागंच राहिलेली.
"म्हणजे माझा हात जड नव्हता?"
"मीठ अजून कमीच ठेवा हं."
"ते ठेवतो की. पण जड नव्हता न्हवं?"

खाली कँटीनमध्ये तिनं आईला फोन लावला,
स्पीकरवर.
आजाराचं नाव तीनदा अडखळली,
चौथ्यांदा सगळं म्हटलं, एका दमात.
पलीकडं आई
गप्प.