डावा खांदा

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीच्या टोकाला, शेठच्या दुकानात
बंदुका भिंतीला टेकून उभ्या,
हजेरीला आलेल्या पोरांसारख्या.
सगळ्यांच्या बरगडीत उजव्या बाजूला एकच खिडकी,
रिकामं काडतूस तिथनं बाहेर पडतं.

परवाना खिशात. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.
दोन वर्षं आठ महिने लागले त्याला
आणि शेठ दोन मिनिटांत म्हणाला,
"ही घ्या सर्जेराव. बँकेच्या गाडीवरचे समदे हीच नेतात."

उचलली. डाव्या खांद्याला लावली.
शेठ हसला, "उलटी धरलीसा की वो."

उलटी आत्ता नाही, शेठ.
उलटी सतरा वर्षं धरली.
बेळगावच्या मैदानावर उस्ताद काठीचं टोक टेकवून
खांदा दाखवायचा. हा. हा नव्हं, हा.
जो डोळा नीट बघायचा, तोच मिटायला शिकलो.
तरी विसातल्या चौदा लागायच्या.
उरलेल्या सहा कुठं गेल्या
हे आक्काताईलासुद्धा सांगितलेलं नाही.

तालमीत तेवढं कौतुक होतं डाव्याचं,
पट कुठनं निघाला
ते समोरच्याला पाठ टेकल्यावर कळायचं.
बाकी सगळीकडं डावलणं.
हा शब्द डाव्यावरनंच आला असणार,
मास्तरांना विचारायचं राहिलं.

आता माझ्या बाजूनं बघा, शेठ.
उजव्या हातानं पुढचा दस्ता खाली ओढला
की गरम काडतूस माझ्या नाकासमोरनं आडवं जाणार,
आणि डोळा, कितीही शिकवा, मिटणार.
अर्धं पळ.
कॅशच्या गाडीपाशी अर्धं पळ लई झालं.
शिवाय खटका. चापाच्या मागं, आडवा,
उजव्याच्या बोटाला अंधारातही सापडणारा.
माझ्या बोटाला वळसा,
पंचगंगा चढल्यावर शिरोळला जायला पडतो तसा.

"खटका उलटा बसवून देतो," शेठ म्हणाला.
खिडकीबद्दल बोलला नाही.
"सवय हुती बगा. सतरा वर्षं झालीच की सवय."

तेवढ्यात आतल्या खोलीतनं हुसेन जमादार आला,
कोपरापर्यंत तेल.
त्यानं बंदुकीकडं बघितलंच नाही, माझ्या हाताकडं बघितलं.
"डावरे काय? आमचा थोरला पण.
रंधा मारतो तर भुसा सगळा माझ्या अंगावर."

माळ्यावरनं खोकं काढलं. धुळीवर बोटांचे जुने ठसे.
हिची बरगडी दोन्हीकडनं सपाट.
भरायचं पोटातनं, सांडायचंही पोटातनं.
खटका मानेवर,
अंगठा आपसूक पडतो तिथं,
अंगठा कुठल्या हाताचा हे ती विचारत नाही.

लाकडी काडतुसं घातली. ओढलं, ढकललं.
खट्. खाली.
पुन्हा ओढलं. खट्.
नाकासमोर काही नाही,
समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर,
त्यातली तारीख, तारखेखालची बारीक तिथी,
सगळं डाव्या डोळ्यानं वाचलं.
तिसरं काडतूस नव्या चपलेच्या अंगठ्यावर आदळलं.
आई गं म्हणालो. जमादार हसला, मग मीही.

किंमत अकरा हजारांनी जास्त.
एजन्सीचा महिन्याचा पगार, अजून थोडा.
जमादारानं दस्ता माझ्या कोपराच्या वाकणात धरला,
पेन्सिलीनं खूण केली.
"सव्वा इंच कापतो. गुरुवारी या.
गाल आत्ताच घासू नका, कापल्यावर घासा."

शेठनं पावती फाडली, पेन पुढं केलं.
मी उजव्या हातानं घेतलं.
सही उजव्यानंच केली,
बँकेत तीच आहे.