चारशे दोन अक्रोड

रुमेनिया, शेहेचाळीसचा ऑक्टोबर.
मोल्दोवाच्या टेकड्यांवर दुसऱ्या वर्षीही मका करपलेला,
गुरं छपराचा पेंढा ओढून खात होती.
यासीहून आलेल्या जीपमधून पाहुणा उतरला,
रबरी पट्ट्याची वही उघडून त्याने विचारलं:
मोकळ्या निवडणुकीसाठी कोणत्या अटी हव्यात
असं गावकऱ्यांना वाटतं?

मी दुभाषा. गावात फ्रेंच येणारा मी एकटाच, मास्तर.
शाळेच्या भिंतीवर तरुण राजाची तसबीर अजून होती.
शेगडीपाशी प्रीफेक्टच्या कचेरीतला कोर्बू बसलेला,
अक्रोड फोडत. दर उत्तरामागे एक.

विहिरी खणणारा ओनुफ्रिए आधी बोलला:
पेटीला तोंड एकच असावं.
विहिरीलासुद्धा दोन नसतात, साहेब.
टक्.

काशांद्रा सुईण म्हणाली,
यंदा बायकांनाही मत आहे, बरं झालं.
यादीत माझ्या वर इलियाना मुंत्यानूचं नाव आहे.
फेब्रुवारीत मीच तिचे डोळे मिटले.
मताला उठवणारच असाल तिला,
तर दोन घटका लवकर उठवा,
तान्हं उपाशी आहे.
टक्.

साव्हेताने नुसतं विचारलं, गाव्रील कुठे आहे?
बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटत होता,
अंगात बापाचा कोट होता.
तो घरी आला की अटींचं बघू.

कोर्बूने हातातला अक्रोड फोडला नाही.
नुसता फिरवत राहिला.

आणि मी पाहुण्याला म्हणालो,
(ते फ्रेंच वाक्य अजून जिभेवर तुरट लागतं)
लोक समाधानी आहेत. त्यांना फक्त पाऊस हवा.
त्याने लिहून घेतलं. 'पाऊस'खाली रेघ मारली.

*

सरकारचं चिन्ह सूर्य.
दुष्काळाच्या वर्षी, बघा, सूर्य!
विरोधकांचा डोळा.
रात्री कुणीतरी गिरणीच्या दारावर, चर्चच्या मागच्या भिंतीवर
खडूने डोळे काढायचं,
सकाळी शिपाई त्यावर चुना फासायचा.
शेवटी चुना संपला.
तोवर सगळ्या गावाला लागून झाला होता.
खडू शाळेचा होता. त्या महिन्यात मी कांड्या मोजल्या नाहीत.

मतदान मंगळवारी. आकडा सोमवारीच आला,
घडी घातलेल्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने:
सूर्य, तीनशे सत्तर.
रात्री पेटी उघडली, मी आणि कोर्बूने.
डोळ्याच्या वेगळ्या काढा, तो म्हणाला,
मोजू नका, जाळा.
मी मूठमूठ शेगडीत टाकत गेलो
आणि टाकता टाकता मोजलं.
मास्तराची खोड. हात काहीही करोत, ओठ मोजतात.
शिक्का बसलेले डोळे आधी तपकिरी झाले,
मग कडेने आत वळले,
झोप आल्यासारखे.
त्या हिवाळ्यात खोलीला आलेली ती पहिली खरी ऊब.
मी हात शेकले. हेही सांगून टाकतो.

अहवालावर सही माझी आहे.
अक्षर सुरेख आलंय.

*

त्यानंतर भिंतीवरची तसबीर दोनदा बदलली.
दर नोव्हेंबरात चौथीला मी एक गणित घालतो:
टोपलीत चारशे दोन अक्रोड, एक्क्याण्णव किडके,
चांगले किती?
तीनशे अकरा! पोरं ओरडतात.

परवा साव्हेताच्या नातीने पाटी माझ्यापुढे धरली.
उत्तर बरोबर.
खाली कोपऱ्यात लहानसा एक डोळा,
पापण्यांसकट.

पुसून टाक, मी म्हणालो.
तिने मान हलवली,
आणि पाटी घरी घेऊन गेली, छातीशी धरून,
आकडे आतल्या बाजूला.