मूळ प्रतीप्रमाणे

ओटचं एक पान चुरडलं
तर निघतात अब्जावधी अक्षरं,
आणि तीही चारच. ए टी जी सी.
यंत्र ती रात्रभर वाचतं, तुकड्यातुकड्यानं.
वही फाडून वाऱ्यावर सोडावी
आणि मग म्हणावं, हं, लाव आता पानं,
तसे ते तुकडे सकाळी माझ्या पडद्यावर.
खिडकीबाहेर ॲबरिस्टविथचा समुद्र,
आणि कुणाच्या तरी सँडविचवर टपलेले सीगल.

मिरजेच्या छापखान्यात बाबा उभ्यानं खिळे जुळवायचे.
शिशाची उलटी अक्षरं,
काना वेगळ्या खणात, मात्रा वेगळ्या खणात,
न बघता हात बरोबर तिथंच जायचा.
डीएनएचा दुसरा धागा शेवटाकडून वाचायचा असतो,
ए दिसला की टी म्हणायचं, जी दिसला की सी.
वर्गात सगळे गोंधळले.
मला वाटलं, हे तर घरचंच.

तिसऱ्या वर्षी डॉक्टर मेरेडिथ म्हणाल्या,
चार हजार नमुने, तुझे दोन हात. नाही व्हायचं.
कोपऱ्यात एक यांत्रिक हात पडून होता,
त्याला शिकव.

त्याला काही म्हणजे काहीच कळत नाही.
उचल. थांब.
बारा मिलिमीटर सरक.
उतर. सोड. वर ये.
मधलं एक "थांब" गाळलं तर
तो मनानं थांबत नाही.
फेब्रुवारीत एका रात्री, जांभई देताना असेल,
माझ्या हातून दोन ओळींची अदलाबदल झाली:
सोड. उतर.
सकाळी शहाण्णव थेंब टेबलावर,
रिकाम्या खळग्यांवर नळ्या टेकवून
हात अगदी नेमानं काम संपवून उभा.

एमरिस कागदानं टेबल पुसत होता.
मग चहा. त्यात दूध आधी की नंतर
यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं वीस वर्षं भांडण.
आमच्याकडे सगळं एकदमच उकळतं, मी म्हटलं.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

बाबांच्या हातून एकदा एक मात्रा जादा बसली.
शोकसभेची शौकसभा झाली,
दोनशे पत्रकं गावभर वाटून झाल्यावर कळलं.
सभेला म्हणे तुडुंब गर्दी.
मालकानं चार दिवसांचा पगार कापला.

संध्याकाळी समुद्राकाठी चालत फोन केला.
शहाण्णव थेंबांचं सांगितलं.
"पगार किती कापला?"
नाही कापला.
पलीकडे शांतता. मग,
"बरा देश आहे."

मी त्यांना सांगत होते,
या ओटच्या अक्षरांत तेच ते तुकडे
हजारदा, लाखदा येतात,
निम्म्याअधिक भागाचा अर्थच लागत नाही अजून,
चुकून आलं की मुद्दाम, कळत नाही.

रस्ता टेकडीशी संपला.
तिथं लोखंडी कठडा आहे.
इथवर चालत येणारा प्रत्येक जण
त्याला एक लाथ मारतो आणि परत फिरतो.
मीही मारली.
"काय वाजलं गं?"
काही नाही. इथली रीत.
"कशासाठी?"
कुणालाच नक्की माहीत नाही, बाबा.

खोकले. चष्मा पुसत असणार.
"मग काढू नकोस काही," म्हणाले,
"शंका आली की मूळ प्रतीप्रमाणे."