परज

मे महिन्यात कप्पा उघडायचा तर आधी कूलर बंद.
लोखंडाला ओल चालत नाही.
बायको वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणते,
सेहेचाळीस डिग्रीत तुमच्या चकत्यांना आराम
अन् मले घाम.

एकोणीस आहेत. तळहातात मावणाऱ्या,
मधोमध पाचरीच्या आकाराचं भोक,
त्यातून कधीकाळी पातं गेलेलं.
जपानी लोक त्सुबा म्हणतात.
आपल्याकडे परज.
आता फक्त शस्त्रं परजतात, तीही भाषणात.

पहिली मिळाली इतवारीत, शहाऐंशी साली,
मुस्तकीमभाईच्या भंगारात, पितळी मापांच्या ढिगाखाली.
सारस होता तिच्यावर, पाण्यात एक पाय.
साठ रुपये.
तीन वर्षं मी सारसच बघत होतो.

अंबाझरीच्या कारखान्यात माझं काम एकच,
ओतीव माल तपासायचा,
नापास तुकड्यावर खडूची फुली मारायची.
बत्तीस वर्षं.
आणि घरी आणलेल्या तुकड्यात
भोकाच्या आतली शिवण मला दिसली नाही,
साच्याचे दोन भाग मिळतात तिथली
केसाएवढी रेघ.

नकली करणारा सारसावर जीव लावतो.
भोकात कोण बघतंय, म्हणून तिथे कंटाळतो.
तेव्हा आधी भोक बघायचं.
पातं डुगडुगू नये म्हणून मारलेले छिन्नीचे टोले,
फटीत ठोकलेला तांब्याचा तुकडा,
कुणाच्या तरी रोजच्या भानगडी.
मग दोऱ्याला टांगून नखानं टिचकी.
घडवलेलं लोखंड बोलतं, थोडा वेळ बोलतच राहतं.
ओतलेलं नुसतं हं म्हणतं.
मग गंज. काळा, जांभळट, अंगात मुरलेला असेल
तर हात लावू नये.
नारिंगी, बोटाला लागणारा, तो तेजाबाचा,
गेल्या दिवाळीचा.
खऱ्यावरही कधी लाल पापुद्रा चढतो. तो काढायला
सावजीच्या मटणातलं नळीचं हाड, फरशीवर घासून टोक केलेलं.
हाड लोखंडाहून मऊ, पापुद्र्याहून कडक.
बायकोला हेही आवडत नाही.

एकोणिसांतल्या सात खोट्या आहेत.
सारस सगळ्यात वर ठेवतो.

परवा कामठीहून यशोधरा सोमकुवर आल्या.
संत्रा बर्फीच्या डब्यात, कापसात.
"आजानं बर्म्याच्या लढाईतून आणली जी.
तलवारीचा कोयता केला, तो मोडला. हे राह्यलं.
वाळवणाच्या कापडावर वजन म्हणून ठेवतो आम्ही.
पोट्टा म्हणते पाच लाखाचं हाये. पाहून द्या."

पाहिलं. पितळ.
कडेनं चेरीची फुलं, ठशात दाबलेली,
एकीसारखी दुसरी. चव्वेचाळीस साली
एका पाळीत शेकड्यानं निघाल्या असतील अशा.
मनातल्या मनात मी खडू शोधू लागलो.

मग भोक बघितलं.
काठाला दोन आकडे ठोकलेले, आणि त्यांच्याखाली
तपासनिसाचा बारका शिक्का,
तिरपा,
पाळी सुटायच्या आधी मारतात तसा.
वर विमानं असतील. पोटात काही नसेल.
तरी कुणीतरी ही उजेडाकडे धरली होती,
एकदा फिरवली होती,
आणि पुढे सरकवली होती.
माझा अंगठा आपोआप तिथे गेला
जिथे त्याचा असणार.

"खोटं हाये का?"
नाही.
"मंग जुनं?"
तसं जुनंही नाही म्हणत याला.
"पाच लाख?"
पाच हजार मिळाले तरी नशीब, बाई.

त्यांनी कापूस नीट केला, झाकण लावलं.
रागावल्या की हलक्या झाल्या, कळलं नाही.
"बरं झालं," म्हणाल्या, "उद्या सरगुंडे घालाचे हायेत,
गच्चीवर कापड लय उडते."
आणि पाणी मागितलं.

मी उठून कूलर लावला.
कप्पा उघडाच राहिला.