शेजारचा खड्डा

समुद्र चार दिवस तोंड वाकडं करून बसलेला.
होड्या वर ओढलेल्या, आणि एवारिस्तू घरात
जाळ्याची तीच तीच भोकं सांधतोय.
म्हणाला, चला, पोरांना ज्वालामुखी दाखवू.
जसं काही तो बेटाबाहेर आहे,
जसं काही आपण दुसऱ्या कशावर झोपतो.

पहाटे पाचला पातेलं भरलं.
तळाशी मांस, डुकराचं, गाईचं, कोंबडीचे दोन पाय,
वर रताळी, अळकुड्या, गाजरं,
रक्ताचं सॉसेज मधोमध, लपवल्यासारखं,
आणि कोबीची पानं वरून, पांघरूण घालतात तशी.
मीठ बेताचं. पाणी थेंबभर नाही.
पिठाच्या पोत्यात बांधून
गाठ एवारिस्तूने मारली.
कोळ्याची गाठ.

तोमे, वय सहा, दर वळणावर विचारत होता,
"आता दिसेल आग?"
बेनेदिताला रस्त्याकडेच्या निळ्या फुलांना
हात लावायचा होता, मग ओकायचं होतं,
मग दोन्ही एकदम.

फुर्नाशच्या तळ्याकाठी उतरलो.
जमिनीतून वाफ, सडक्या अंड्यांचा वास.
"डोंगर पादला," बेनेदिता म्हणाली, मोठ्याने,
आणि पलीकडच्या चटईवरच्या म्हाताऱ्याने
गंभीरपणे टोपी काढली.

तोमे मात्र रुसला.
लाव्हा नाही, स्फोट नाही,
नुसती बदकं, आणि मातीचे ढिगारे
नावांच्या पाट्या खोचलेले.
"हा बिघडलाय," म्हणाला.
मी सांगितलं, तू उभा आहेस ना, तेच त्याचं तोंड.
त्याने पायाखाली पाहिलं,
मग माझ्याकडून बुटाची नाडी
पुन्हा, घट्ट, बांधून घेतली.

तिथल्या माणसाने आकडीने पातेलं खड्ड्यात सोडलं,
वर फळी, फळीवर माती,
मातीत आमच्या नावाची पाटी.
शेजारच्या ढिगावर: फुर्तादु.
सहा तास, म्हणाला, आणि निघून गेला.

सहा तास म्हणजे किती
ते दोन लहान पोरं असलेल्याला विचारा.
बदकांना पाव. उकळत्या कुंडातलं कणीस, गंधकाच्या चवीचं.
तोमे दोनदा दिसेनासा झाला, दोनदा सापडला,
हात मातीने माखलेले.
बेनेदिताचा बूट तळ्यात गेला.
एवारिस्तूने काठीने ओढून काढला
आणि उगाच खूश झाला:
चार दिवसांत पाण्यातून वर आलेलं
पहिलंच काहीतरी.

पातेलं निघालं.
गाठ एका ओढीत सुटली.
तेव्हाच कळायला हवं होतं.
झाकण उघडलं तर वर पुदिना.
आमच्याकडे पुदिना कुणी घालत नाही.
सॉसेज नाही. गाजराच्या चांदण्या कापलेल्या,
एकीचा कोपरा तुटलेला, तरी ठेवलेली.

फुर्तादु मंडळी केव्हाच गेलेली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
वाफ आमच्या तोंडांवर, भूक पोटात.
"जेवून घेऊ," तो म्हणाला.

मीठ जरा जास्त होतं. बाकी, खरं सांगते, माझ्याहून बरं.
पहाटे पाचला कुठल्याशा स्वयंपाकघरात
कुणीतरी बाई झोपाळू डोळ्यांनी
आपल्या पोरासाठी चांदण्या कापत असणार,
त्या माझी पोरगी बोटांनी मोजून खात होती,
चारपर्यंत, मग पुन्हा एकपासून.

तोमे मान वर न करता तीनदा वाढून घेऊन जेवला.

परतताना अंधार. बेनेदिता एका बुटात झोपलेली.
मागून कुजबुज, फक्त माझ्यासाठी:
"त्यांच्या मातीतून जास्त वाफ येत होती.
आपलं कच्चं राहिलं असतं.
म्हणून मी पाट्या बदलल्या."

मी काही बोलले नाही.
एवारिस्तू गाडी चालवत होता, समुद्र ऐकत,
उद्या होडी निघेल का याचा अंदाज घेत.
मी फक्त त्याच्या हातांकडे पाहिलं,
आणि मनात आलं, बेटाच्या कुठल्यातरी घरात
फुर्तादु अजून सुरी शोधत असतील.