वजन किती तुझं

नागदेवी स्ट्रीटवर शनिवारी दुपारी
बाबा माझ्या दोन पावलं पुढे चाललेले,
हातगाड्या, साखळ्यांचे ढीग, टांगलेल्या कप्प्या
डोक्यानं चुकवत.
तीस वर्षं माझगावच्या गोदीत खलाशी,
म्हणजे दोराशीच संसार.

मला मनोरीला, सुरूच्या दोन झाडांमध्ये
एक रात्र टांगून घ्यायचं होतं. एकटीनं.
एकेचाळीस वर्षांत मी एकटी कधी झोपलेच नाही.
आधी शिवडीच्या खोलीत पाच जणांच्या रांगेत, भिंतीकडून दुसरी,
मग लग्न, मग मूल,
मग आजारी आईच्या खाटेखाली चटई.
का, असं बाबांनी विचारलं नाही.
विचारलं, "वजन किती तुझं?"

"बासष्ट."
ते भर रस्त्यात थांबले.
"दोराशी खोटं बोलू नये."
"एकाहत्तर."
"हां. आता पाचपट धर.
झोपेत माणूस कूस बदलतो, दचकतो.
दचकण्याचंही वजन असतं."

हकीमुद्दीनभाईंच्या दुकानात
पोपटी दोराचं भेंडोळं, चकचकीत.
"मजबूत आहे काका, सगळे हाच नेतात."
बाबांनी टोक उलगडलं, नखानं एक धागा सोडवला,
दाताखाली धरला.
"कपडे वाळत घालायला ठीक. उन्हात ठेवा, भुगा होतो."
मग नायलॉन आला.
"हा ताणतो. रात्री गुडघ्याएवढी उंच निजशील,
पहाटे बूड वाळूत."
हकीमुद्दीनभाई माझ्याआधी हसले.

शेवटी एक पांढरा, पॉलिएस्टरचा, घट्ट विणीचा, अबोल.
तो बाबांनी डोळे मिटून तपासला, हात हात सरकवत,
चार बोटांनी. करंगळी विंचनं नेलेली.
"आणि झाडाला दोर नको. पट्टा दे, चार बोटं रुंद.
दोर सालीत रुततो. साल गेली की झाड जातं,
आणि झाडाला तर आपण काही विचारलेलंही नाही."

बरणीत कॅराबिनर होते. मला जांभळा आवडला.
बाबांनी तो उलटा केला, आकडा शोधला. नव्हता.
"याला किल्ल्या लाव."
आतल्या खोक्यातून दोन करडे निघाले, भार कोरलेले,
महाग.
बाबांनी घासाघीस केली नाही.
मी त्यांना असं पैसे देताना कधी पाहिलं नव्हतं.

चहा पिताना म्हणाले, "झिलू परब आठवतो?"
लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. आठवतो.
"त्याच्या फळीचा दोर सकाळी मीच बघितलेला.
बरा वाटला होता."
बशीत चहा ओतत राहिले, बशी भरली तरी.

मार्वेहून बोटीनं पलीकडे गेले.
माड टाळले, नारळ डोकं बघून पडत नाहीत.
दोन सुरू निवडले, अंगठ्यानं दाबून, वर मान करून,
वाळकी फांदी नाही ना.
खाली दगड नाही ना.
दोर ढिला सोडला, पोटाला झोळ येईल इतका.
तंग बांधशील तर भार वाढतो, म्हणाले होते.
(आईला सांगायचं राहिलं त्यांचं, बहुतेक.)

आधी हातानं लटकले. मग हळूच बसले.
पट्टा करकरला, एकदाच,
जुनं माणूस उठताना गुडघा वाजतो तसा,
आणि गप्प झाला.
मग पाय वर घेतले.
अंगाखाली काही नव्हतं. शेजारी कुणी नव्हतं.
बराच वेळ मी तशीच भिंतीकडे सरकून झोपले होते,
भिंत नव्हती तरी.

सकाळी फोन आला. झोप लागली का, नाही.
"गाठ सुटली?"
"सुटली. एका ओढीत."
"मग बरोबर मारलीस."

पट्टा काढला. सालीवर वळ नव्हता.
मुंग्यांची एक रांग
रात्रभर वळसा घालत होती बहुतेक,
आता सरळ वर निघाली.